सपाट लिहिलेली संध्याकाळ

आमच्या सोसायटीत मी एक वाक्य इतक्या वेळा ऐकवलं आहे की खालच्या मजल्यावरच्या पंजाबी आंटी ते माझ्याआधीच म्हणून मोकळ्या होतात. "दिल्लीच्या आकाशाची उंची मी मोजली आहे." लिफ्टमध्ये, भाजीच्या ठेल्यापाशी, गणपतीच्या मांडवात, नोएडाला नव्याने आलेल्या आयटीतल्या मराठी सुनांना, कुणालाही ऐकवायचे. समोरचा हसला की पुढचं सांगायला सुरुवात, त्याला वेळ आहे की नाही हेसुद्धा न विचारता. आता ते वाक्य माझ्या तोंडून निघत नाही. का निघत नाही तेच लिहायला बसले आहे.

मी दहावी पास. फलटणजवळच्या गावातून लग्न होऊन थेट दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये आले. हे फौजेत होते, सिग्नल्समध्ये, म्हणजे वायरलेसवर. ह्यांची बदली वर डोंगरात झाली की आम्ही बायकामुलं इथंच क्वार्टरमध्ये राहायचो. मुलगा पहाडगंजच्या मराठी शाळेत जायला लागला आणि मी दिवसभर रिकामी. त्यात शेजारणीकडून कळलं की एका प्रयोगशाळेत फिल्म वाचायला माणसं घेताहेत, फार शिक्षण लागत नाही, नजर चांगली हवी. नजर माझी घारीची होती. मी गेले.

काम काय होतं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. त्या आवारात एक यंत्र होतं. ते दर तासाला रेडिओच्या लहरी सरळ वर सोडायचं. वर, दोन-तीनशे किलोमीटरवर, हवा अगदी विरळ असते आणि सूर्याने ती अशी भाजून काढलेली असते की तिच्यातून वीज वाहू शकते. त्या थराला आयनोस्फिअर म्हणतात. लहर तिथे आपटून परत आली की फिल्मवर एक पांढरी रेघ उमटायची. थर खाली असला तर रेघ खाली, वर सरकला तर रेघ वर. आम्ही रीडर. ती फिल्म काचेवर मोठी करून बघायची, चौकटींवरून उंची मोजायची आणि मोठ्या कागदावर लिहायची. महिन्याला एक कागद, दिवसाला एक ओळ, तासाला एक घर. आधी पेन्सिलीने, मग तपासनीस बघणार, मग शाईने. मुलगा पहिलीत होता तेव्हापासून तो नोकरीला लागेपर्यंत मी हेच केलं.

शिकवलं कुणी नाही. एक इंग्रजी पुस्तक होतं, जाडजूड, ते घरी आणून डिक्शनरी शेजारी घेऊन वाचलं. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर मराठीत टिपणं काढली. त्यात एक गोष्ट स्पष्ट लिहिलेली होती. रेघ नीट दिसली नाही, धूसर असली, शंका आली, तर आकडा लिहायचा नाही. त्याऐवजी अक्षर लिहायचं. यंत्र बिघडलं तर एक अक्षर, रेघ पसरली तर दुसरं, अशी पुष्कळ. मला ती सगळी पाठ होती. म्हणून मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

पहिल्याच वर्षी एका सकाळच्या फिल्मवर मला रेघ फार वर दिसली. मी दिसली तशी लिहिली. आमचे तपासनीस वयाने मोठे, बी.एस्सी. झालेले, स्वभावाने गमत्ये. त्यांनी कागद हातात घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "भाभीजी, आपका आसमान आज कहाँ चला गया? पानिपत?" मराठी बाई म्हणून पानिपत. खोलीतले सगळे हसले, मीसुद्धा हसले. मग त्यांनी रबर घेऊन तो आकडा खोडला, आधीच्या तासाचा आणि नंतरच्या तासाचा बघून मधला लिहिला आणि मला म्हणाले, आगे-पीछे देख के लिखा करो. वाईट माणूस नव्हता तो. चहा पाजला वर. त्याने एकदा केलं, पुढे वर्षानुवर्षं मी केलं, तेही कुणी न सांगता.

कारण माझा कागद स्वच्छ असायचा. बी.एस्सी. झालेल्या मुलींच्या कागदावर अक्षरंच अक्षरं, आणि माझ्या कागदावर सलग आकडे, मोत्यासारखे. भाभीजी की शीट साफ होती है, असं नाव झालं होतं. अक्षर लिहिलं की मला वाटायचं, आता म्हणतील दहावी पास बाई, हिला वाचता येत नाही. मग जिथे रेघ चमत्कारिक दिसे तिथे मी मागचा-पुढचा बघून मधला आकडा घालायची आणि त्या घराच्या कोपऱ्यात पेन्सिलीचा एक बारीक ठिपका द्यायची. पुढे कधीतरी परत येऊन नीट वाचीन म्हणून. शाई चढली तरी ठिपके राहायचे. परत कधी गेले नाही.

हे सगळं मी विसरले होते, निदान विसरल्यासारखं जगत होते. हे गेले, मुलगा पुण्याला स्थायिक झाला, मी ह्या फ्लॅटमध्ये एकटी. दीड वर्षापूर्वी मराठी मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलं की सांगलीकडची एक मुलगी पीएच.डी. करते, तिला घरगुती जागा हवी. मी म्हटलं, पाठवा. मुलगी आली, पाठीवर पिशवी, हातात कुकर. मला काकू म्हणायला लागली. आठ दिवसांत मी तिला आकाशाची उंची ऐकवली, आणि ती हसायच्या ऐवजी जेवता जेवता थांबली. तोंडातला घास तसाच. म्हणाली, "काकू, तुम्ही त्या रीडर? मी तुमचेच आकडे वापरतेय."

झालं. त्या दिवशी माझ्याएवढी फुशारलेली बाई नोएडात दुसरी नसेल. तिने लॅपटॉपवर जुने कागद काढून दाखवले. माझा तो मराठी वळणाचा नऊ बघून मी तो पडद्यावर बोटाने गिरवला. मी तिला म्हटलं, बघ बाई, पेपरवर नावं शास्त्रज्ञांची येतात, रीडरचं नाव आजवर कुणी छापलेलं नाही. ती म्हणाली, ह्या वेळी छापू, आभाराच्या पानावर पहिलं तुमचं. मी पुण्याला मुलाला फोन करून ते सांगितलं. खालच्या आंटींनाही सांगितलं.

ती काय करते ते मी तिच्याकडून पोळ्या लाटता लाटता समजून घेतलं. सूर्याकडून सारखा एक वारा येत असतो, हवेचा नाही, प्लाझ्माचा. प्लाझ्मा म्हणजे विजेने भारलेले कण. पृथ्वीभोवती चुंबकाचं एक कवच आहे, त्याला मॅग्नेटोस्फिअर म्हणतात, वारा त्यावर आपटतो. कधी वारा जोराचा आला की त्या कवचात मोठाले प्रवाह सुरू होतात आणि तिथली वीज चुंबकाच्या रेषांवरून खाली, ध्रुवांजवळच्या आयनोस्फिअरमध्ये उतरते, आडवी जाते, दुसरीकडून परत वर चढते. अख्खं सर्किटच आहे, वर बॅटरी आणि खाली तार. ही मुलगी ते सर्किट कॉम्प्युटरमध्ये बांधते. एका बाजूने सूर्याचा वारा सोडायचा आणि बघायचं, प्रवाह कुठून कुठे जातात.

आता प्रश्न दिल्लीचा. ध्रुवाजवळ उतरलेली वीज इतक्या खाली दिल्लीवरच्या आकाशापर्यंत जाणवते का? कवचाच्या आतल्या बाजूला दुसरा एक प्रवाह असतो, तो पडद्यासारखा आड येतो. पडदा जाड असला तर दिल्लीला काही कळत नाही. विरळ असला तर धक्का इथवर पोचतो आणि आपल्या डोक्यावरचा थर घटकाभरात वर उचलला जातो. तिने एक जुनं वादळ निवडलं होतं. वादळ म्हणजे पावसाचं नाही, सूर्याचं. तिच्या मॉडेलमध्ये त्या संध्याकाळी पाच वाजता दिल्लीवरचा थर सरळ वर जायचा. आणि आमच्या कागदावर त्या दिवसाच्या ओळीत पाच, सहा, सात, तिन्ही घरांत आकडा जवळजवळ एकच. सपाट.

ती महिनाभर ह्यावर डोकं फोडत होती. तिचे सर म्हणत होते, निरीक्षण ते निरीक्षण, तुझं मॉडेल चुकतंय, पडदा विरळ धरलास तू. ती घरी येऊन बूट काढायच्या आधी सोफ्यावर बसायची. "काकू, सर म्हणतात मॉडेलमध्येच खोट आहे. मला तर सगळं बरोबर दिसतंय, यार." मी तिला लिंबू सरबत द्यायची आणि म्हणायची, होईल गं. मला खरोखर काही माहीत नव्हतं तेव्हा. मी तिला तारीखही विचारली नव्हती.

तारीख कळली ती अशी. एका रविवारी ती म्हणाली, तुमच्या कागदांच्या स्कॅनवर धुळीचे डाग फार आहेत, त्याने कॉम्प्युटरला आकडे ओळखता येत नाहीत, म्हणून आज सगळे डाग पुसले. आणि दोन पानं शेजारी ठेवून दाखवली, हे आधीचं, हे नंतरचं. मी चष्मा वर केला. धूळ नव्हती ती. माझे ठिपके होते, ज्या ज्या घरात दिले तिथे त्याच कोपऱ्यात. पुसलेलं पान लखलखीत होतं. आणि ज्या ओळीवर तिचं बोट होतं, त्या ओळीत पाच, सहा, सात ह्या तीन घरांत एकेक ठिपका. ओळीची तारीख वाचली. माझ्या मुलाच्या वाढदिवसाची तारीख होती. वर्षही तेच, ज्या वर्षीचा वाढदिवस माझ्या पक्का लक्षात आहे.

हजारो दिवस वाचले मी, त्यातला कुठला लक्षात असणार? पण हा आहे. त्या वाढदिवसाला हे वर डोंगरात होते. पुढे सुट्टीवर आले तेव्हा सांगत होते, बरोबर त्याच संध्याकाळी वायरलेसच्या सेटवर विचित्र झालं. नेहमीचं जवळचं स्टेशन ऐकूच येईना आणि कुठलं तरी लांबचं, अनोळखी, शेजारच्या खोलीतून बोलावं तसं स्पष्ट. तीन तास संपर्क नाही. साहेबांनी ह्यांना सगळ्यांसमोर झापलं, सेटची देखभाल करत नाही म्हणून. ह्यांच्या सगळ्या नोकरीत सेटवरून बोलणी खाल्ली ती तेवढीच एकदा, आणि ती ह्यांच्या मनातून जात नव्हती.

मी मात्र त्यांच्या येण्याआधीच त्या महिन्याची फिल्म वाचलेली होती. वाढदिवसाची तारीख म्हणून ती फ्रेम जरा जास्त वेळ काचेवर ठेवली होती. रेघ पाचला चढायला लागली होती, सहाला आणखी वर, सातला पसरून धूसर. इतकी सुंदर दिसत होती की मी शेजारच्या मुलीला बोलावणार होते. मग आठवलं, पानिपत. नाही बोलावलं. मागचा-पुढचा बघून तीन सपाट आकडे लिहिले, तीन ठिपके दिले, शाईला पाठवलं.

ह्यांना मी सांगितलं की तुमचा सेट बिघडलेला नव्हता, त्या दिवशी आकाशच वर गेलं होतं, म्हणून लहर आपटून जवळ पडायची ती लांब जाऊन पडली, मी डोळ्यांनी बघितलं. हे जेवणावरून उठून बसले होते, हात न धुता तसेच माझ्याकडे बघत राहिले. मग विचारलं, "तुमच्या ऑफिसात लिहिलंय ना तसं?"

मी म्हटलं, "हो, लिहिलंय."

एवढंच बोलणं. पण ह्यांचा चेहरा असा उजळला होता की काय सांगू. पुढे कितीदा तरी पाहुण्यांना सांगायचे, सरकारी कागदावर आहे, माझा सेट ठीक होता. जाईपर्यंत सांगत होते. मी शेजारी बसून ऐकायची, मान हलवायची.

आता वाचणाऱ्याला वाटेल, रविवारी ते पान बघितलं आणि बाईने मुलीला सगळं सांगून टाकलं असेल. नाही सांगितलं. मी म्हटलं, छान पुसलंस, आणि उठून भाजी ढवळायला गेले. भाजी लागली नव्हती. त्यानंतर तीन आठवडे मी गप्प होते. मी, जी लिफ्टमध्येसुद्धा गप्प बसत नाही. रोज ठरवायची, आज सांगते. मग ती यायची, दमलेली, "काकू, तुमचे आकडे इतके व्यवस्थित आहेत, त्यांनाच चिकटून राहते आता," असं म्हणायची, आणि मी पोळ्या करायला वळायची. तिच्या फायली गॅलरीत उन्हाला नेऊन ठेवायची, तिला आवडतात म्हणून थालीपिठं लावायची. गप्प राहायचं आणि खाऊ घालायचं, असं चाललं होतं माझं.

एका संध्याकाळी ती नाचतच आली. हातात बर्फीचा डबा. तिने मॉडेलमधला पडदा जाड केला होता, आणखी जाड केला, शेवटी इतका की दिल्ली सपाट झाली. कागदाशी जुळलं. सर खूश. दुसऱ्या दिवशी ते प्रकरण लिहून द्यायचं होतं. ती म्हणाली, पडदा इतका जाड असतो हे आजवर कुणी म्हटलेलं नाही, हा नवा निष्कर्ष आहे काकू, आणि तो तुमच्या तीन आकड्यांवर उभा आहे. तिने बर्फीचा तुकडा माझ्या तोंडात घातला. मी खाल्ला. छान झालं म्हटलं. तो तुकडा गिळताना मला जी लाज वाटली ती मला ह्यांच्यापुढे मान हलवतानाही वाटली नव्हती, कारण तेव्हा मी स्वतःला सांगू शकत होते की कुणाचं नुकसान होत नाही.

सकाळी मी गॅलरीत मटार सोलत बसले होते. बाहेर धुरकट, समोरचा टॉवर अर्धाच दिसत होता. ती आवरून, पिशवी पाठीला लावून आली आणि म्हणाली, आज प्रकरण देतेय, नमस्कार करायचा राहिला. आणि वाकली. आपल्याकडे परीक्षेला जाताना वाकतात तसंच.

मी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

ती अर्धवट वाकलेली तशीच थांबली. "काय झालं, काकू? गुडघा दुखतोय?"

"त्या तीन घरांतले आकडे मी वाचलेले नाहीत," मी म्हटलं. "मनाने लिहिलेत. थर वर गेला होता. तुझं मॉडेल बरोबर होतं."

ती तिथेच फरशीवर बसली, पाठीवर पिशवी तशीच. कुठले तीन, हे तिने विचारलं नाही. मी भराभरा सगळं सांगत सुटले, पानिपत, स्वच्छ कागद, ठिपके, ह्यांचा सेट. माझं संपल्यावर तिने एकच विचारलं.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"तू डाग पुसलेस त्या दिवसापासून."

तिने हिशेब केला असावा मनात, तीन आठवडे. उठली, बूट घातले, दार लोटून मेट्रोला गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने नमस्कार केला नाही ह्याचं मात्र मला बरं वाटलं, तेवढंच.

प्रकरण तिने दिलं नाही. चार दिवस ती कॅन्टीनमध्येच जेवून यायची, घरी आल्यावर "हो", "नाही", "झोपते" एवढंच. सरांनी तिला बोल लावले, असं मला नंतर कळलं. आधी मॉडेल चुकलं होतं, आता निरीक्षण चुकलं म्हणतेस, उद्या काय, सूर्य चुकला? मी ह्यांच्या फोटोपाशी जाऊन उभी राहायची आणि तशीच परत यायची. तिथेही बोलायला तोंड नव्हतं.

पाचव्या दिवशी ती दोन मोठ्या पिशव्या घेऊन आली. जुन्या कागदांच्या छापील प्रती, डाग पुसायच्या आधीच्या. जेवणाच्या टेबलावर ठेवल्या, शेजारी लाल पेन ठेवलं. म्हणाली, "दाखवा ठिपके. सगळे."

आम्ही पान पान करत बसलो. धूळ कुठली आणि माझा ठिपका कुठला, हे फक्त मलाच कळत होतं. मी बोट ठेवायची, ती गोल करायची. मला वाटलं होतं पाच-पंचवीस निघतील. पहिल्या सात पानांवरच एकेचाळीस झाले. तिने पेन थांबवून माझ्याकडे बघितलं आणि पुढचं पान घेतलं. पंधरा दिवस रोज दुपारी हेच चाललं.

मग तिने फिल्मचा शोध घेतला. प्रयोगशाळेतून आता मी निवृत्त, तरी तिच्या सरांनी चिठ्ठी दिली आणि आम्ही दोघी जुन्या गोदामात गेलो. माझ्या मनात आशा होती. काच नसली तरी उजेडासमोर धरून मी आजही वाचू शकले असते, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे. तो महिना लिहिलेला डबा सापडलाही. झाकण काढताच सडलेल्या फिल्मचा, व्हिनेगरसारखा भपकारा आला. आत फिल्म नव्हती, गुळाच्या ढेपेसारखा एक गोळा होता. तिने टोक सुटतं का बघितलं, तर तुकडा पडला. ती संध्याकाळ आता फक्त माझ्याच डोक्यात होती, आणि माझ्या डोक्यावर आता कोण विश्वास ठेवणार?

परत येताना मेट्रोत तिने हळूच विचारलं, "काकू, किती वर गेली होती रेघ? साधारण. तुम्ही बघितली होती ना."

आकडा माझ्या ओठांवर आला होता. खरं सांगते, आला होता. तो दिला असता तर तिचं काम झालं असतं, सरांना दाखवायला काहीतरी मिळालं असतं, आणि मलाही जरा मोठं वाटलं असतं. मी म्हटलं, "वर गेली होती एवढं सांगते. किती, ते सांगणार नाही. परत मधलाच आकडा लिहिल्यासारखं होईल."

तिने मान हलवली. मग माझी पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली.

राहिली ती तीन घरं. आकडे काढून टाकायचे, तर तिथे काय लिहायचं? ती म्हणाली, यंत्राच्या बिघाडाचं अक्षर आहे ना, ते घालू, कुणी विचारणार नाही. माझ्यावर दया करत होती ती. मी नको म्हटलं. बिघाड यंत्रात नव्हता. एका माणसाने आधीच न बिघडलेल्या सेटचा दोष पत्करलेला आहे, आता यंत्राच्या माथी दुसरा नको. मग घरं रिकामीच ठेवली आणि खाली टीप घातली की ज्यांनी वाचन केलं त्या रीडरच्याच सांगण्यावरून हे आकडे काढले आहेत. तिने "एक निवृत्त रीडर" असं लिहिलं होतं. म्हणाली, नाव नाही घालत, काकू.

मी म्हटलं, घाल. नाव नसलं तर कुणाच्या सांगण्यावरून म्हणून विचारतील, तू काय सांगशील? आणि आभाराच्या पानावरून माझं नाव काढ, तिथे नको. तिने दोनदा विचारलं, नक्की ना. मी म्हटलं, नक्की. इतकी वर्षं कुरकुर करत होते की रीडरचं नाव कुणी छापत नाही. आता छापून येणार आहे, पानाच्या तळाला, बारीक अक्षरात. खालच्या आंटींना अजून सांगितलेलं नाही. मुलालाही नाही. हे लिहून झालं की त्याला फोन करीन म्हणते.

तिचे सर शिस्तीचे आहेत. ते म्हणाले, त्या संध्याकाळी थर वर गेला होता असं लिहिता येणार नाही, फिल्म नाही. ते तीन तास भरवशाचे नाहीत, एवढंच म्हणता येईल. बरोबरच आहे त्यांचं. तिने पडदा पुन्हा पूर्वीसारखा विरळ केला, त्या वादळाला दिल्लीचा पुरावा नाही असं मान्य केलं, आणि दुसरं वादळ शोधते आहे, ज्याच्या घरांत ठिपका नसेल. सहा महिने गेले तिचे. ती तसं म्हणत नाही, पण मला मोजता येतं.

काल तिने जुनं मॉडेल मला चालवून दाखवलं. पाच वाजले आणि दिल्लीवरची रेघ चढायला लागली, सहाला आणखी वर. ती म्हणाली, "अशीच होती का?" मी म्हटलं, हे मला विचारू नकोस. मग तिने लॅपटॉप मिटला आणि आम्ही जेवायला बसलो. ह्यांना मी म्हणाले होते, हो, लिहिलंय. अजूनही लिहिलेलं नाहीच. तीन रिकामी घरं आहेत.